थोरला डबा मोड बदलेना

भूत, करणी, भानामती... हे शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. भीतीनं नाही, रागानं. आमचं गाव हदगाव तालुक्यात. मी लहान असताना आमच्या गल्लीत दोरीवर वाळत टाकलेल्या लुगड्यांना भोकं पडायला लागली आणि गावानं बोट दाखवलं माझ्या चुलतीकडं. का, तर ती कुणाशी जास्त बोलत नव्हती. चावडीवर उभं केलं, नको नको ते बोलले आणि माहेरी धाडून दिलं. ती परत आली नाही. भोकं मात्र नंतरही पडतच राहिली. झुरळं कपडा खातात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळं 'अमानवीय' म्हणून कुणी काही सांगायला लागलं की मी उठून जातो. आणि आज मीच इथं लिहायला बसलोय.

कारण सांगतो. मी सध्या मस्कतला आहे, केबल ओढायच्या कामावर. परवा आमच्या नांदेडच्या जुन्या कामाच्या ग्रुपवर कुणीतरी एक पोस्ट टाकली — "लातूरच्या होस्टेलातला भुताचा डबा". खाली हसणाऱ्या बाहुल्यांची रांग. एकानं लिहिलं, "दत्तानं भानामती केली होती रजेसाठी." ज्यांनी हे लिहिलं त्यातला एकही त्या दिवशी तिथं नव्हता. दत्ता म्हणजे मीच, आणि मी होतो. म्हणून जे झालं ते मीच सांगतो, मग हसायचं त्यांनी हसावं.

आधी अप्पा कोण ते सांगायला पाहिजे. मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. नांदेडला आलो तेव्हा धड स्क्रू ड्रायव्हर धरता येत नव्हता. शिवमूर्ती अप्पांनी मला हाताखाली घेतलं. अप्पा मूळचे उदगीरकडचे, लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात टेस्टर. वायरिंगची कामं करता करता ते इंटरनेटच्या कामात शिरले होते. स्क्रू पुरता आवळला गेला की ते म्हणायचे, "साकू, साकू." त्यांच्याकडच्या कन्नडमध्ये साकू म्हणजे पुरे. मला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, घाम फुटायचा. अप्पा म्हणायचे, "घाबरू नको लेका. मशीन काय तुझी परीक्षा घेऊन नापास करतंय होय? चुकलं तर परत लिही." दोन वर्षं त्यांच्या घरी जेवलो. त्यांची बायको, आमच्या अक्का, मला त्यांच्या पोरांच्या पंगतीत वाढायच्या. आज परदेशात चार माणसांत उभा राहतो तो त्या घराच्या जिवावर. हे मी विसरलो तर मला माती खायला लागेल.

आता कामाचं. छताला पांढरा चपटा डबा बघितला असेल तुम्ही, वायफायचा. ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्याला. आम्ही डबाच म्हणायचो. एका इमारतीत असे बरेच डबे असतात आणि त्या सगळ्यांना हुकूम द्यायला एक कंट्रोलर लागतो. छोट्या कामात वेगळा कंट्रोलर घेत नाहीत, एका डब्याच्या पोटातच तो असतो. तो डबा स्वतः वायफाय पण देतो आणि बाकीच्यांना सांभाळतो पण. अप्पा त्याला 'थोरला' म्हणायचे. "घरात एक थोरला लागतो बघ. सोता बी राबतो अन् धाकट्यांना बी वळण लावतो."

त्यांची एक रीत होती. कुठल्याही इमारतीत थोरला चढवायच्या आधी त्याच्या पाठीवर भस्माचे तीन पट्टे ओढायचे, "शरणु शरणार्थी" असा त्यांच्यातला नमस्कार घालायचा आणि मगच तो छताला लावायचा. लोक हसायचे. मी पण मनात हसायचो, खरं सांगतो. पण लातूरच्या त्या मुलींच्या होस्टेलात थोरला लावायची वेळ आली तेव्हा अप्पांनी भस्माची डबी माझ्यापुढं धरली. "आज तू लाव." मी म्हणालो, "अप्पा, मी तुमच्यातला न्हाई." ते म्हणाले, "त्या डब्याला कळतंय होय कोण कुणातला ते? लाव." लावले. सर्वात वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती, तिच्या मधोमध तो डबा बसवला. शिडी अप्पांनी धरली होती.

त्यानंतर अप्पांच्या किडन्या गेल्या. काम सुटलं. नांदेडच्या दवाखान्यात ये-जा सुरू झाली, आणि मला कंपनीनं लातूरला ठेवलं.

होस्टेलवाल्यांच्या शाखा वाढल्या तशी त्यांनी पुण्याच्या ऑफिसात एक मोठा कंट्रोलर घेतला. आता सगळ्या इमारतीतल्या सगळ्या डब्यांनी थेट पुण्याचं ऐकायचं. म्हणजे थोरल्यानं आपलं थोरलेपण सोडून बाकीच्यांसारखा साधा डबा व्हायचं. ह्याला लाइटवेट मोड म्हणतात. काम अवघड नसतं. डब्याला एका ओळीचा हुकूम द्यायचा, तो रिस्टार्ट होतो, आणि उठला की पुण्याकडं हजेरी लावतो. फक्त एक पथ्य — धाकटे आधी, थोरला सर्वात शेवटी. आणि थोरला बदलल्याशिवाय काम संपलं असं धरायचं नाही. कारण तो जुन्याच मोडमध्ये राहिला तर धाकटे पुण्याला जायचं सोडून परत त्याच्याकडं पळतात.

त्या दिवशी सकाळी मी होस्टेलात पोचतोय तोच अक्कांचा फोन आला.

"दत्तू, ह्यांचं काई खरं न्हाई रे आता. डॉक्टर म्हनले, कुनाला बोलवायचं ते बोलवून घ्या."

"अप्पा बोलतात का?"

"डोळे उघडंनात. पर तुझं नाव घेऊन राहिले सकाळपास्नं. येतोस का?"

माझे सुपरवायझर सुनील सर खाली रेक्टर मॅडमच्या केबिनमध्ये एसीखाली बसले होते. मी गेलो, सांगितलं. हात जोडून सांगितलं. त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही.

"तुझे कोण लागतात रे ते? बाप का चुलता?"

"उस्ताद हायत, सर."

"उस्तादासाठी रजा नसते."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. आणि म्हणणारा कोण? ह्याच सुनील सरांनी पहिली शिडी चढली ती अप्पांनी खालून धरलेली! ह्यांना पहिल्यांदा केबलला क्लिप मारायला शिकवलं ते अप्पांनी! मी तसं म्हणालो पण.

"मलाही माहिताय," ते म्हणाले. "भावनिक होऊ नको. उद्या पोरींची ऑनलाइन टेस्ट आहे. काम संपव अन् जा. कोण अडवतंय?"

कोण अडवतंय... मी जिना चढलो. राग गिळून काम करायची सवय असते आमच्यासारख्यांना. नोकरी गेली तर घरी काय सांगू, ही भीती कायम पोटात. मी ठरवलं, भराभरा उरकायचं आणि दुपारच्या आत गाडी पकडायची.

पुण्याहून एक इंजिनिअर मॅडम फोनवर होत्या. चांगल्या होत्या, कधी आवाज चढवला नाही. खालच्या मजल्यापासून एकेक डबा बदलत गेलो. हुकूम दिला की रिस्टार्ट, की पुण्यात हजेरी. मॅडम म्हणत होत्या, "आला. पुढचा घ्या. हा पण आला." एकानंही त्रास दिला नाही. अभ्यासिकेत पोचलो. पोरी पुस्तकात माना घालून बसलेल्या. एक म्हणाली, "दादा, आज वायफाय गेलं की आमचा नंबर बी गेला बरं का." दुसरी म्हणाली, "हिचा नंबर तसाही येत नसतोय, तुम्ही करा बिनधास्त." मला हसू आलं नाही.

थोरल्याला हुकूम दिला. त्यानं घेतला. रिस्टार्ट झाला. दिवा लुकलुकला, स्थिर झाला.

"मॅडम, आला का?"

"नाही आला. आणि थांबा... दत्ताजी, बाकीचे कुठं गेले?"

धाकटे सगळे पुण्यावरून उतरले होते आणि परत थोरल्याकडं जाऊन बसले होते. थोरला जुन्याच मोडमध्ये, जणू मी काही सांगितलंच नव्हतं.

परत केलं. मॅडमनी तिकडून केलं. पार कोरा करून, सगळं पुसून केलं. प्रत्येक वेळी डबा 'हो' म्हणायचा, बंद व्हायचा आणि उठायचा तो थोरला होऊनच. उठला की धाकट्यांना माघारी बोलवायचा. मॅडम म्हणाल्या, मागचं रिसेटचं बटण अडकलं असेल, बघा. बटण मोकळं होतं. केबल बदलली. वीज ज्या स्विचवरून जाते तो बदलला. काही नाही. आणि इकडं खिशात फोन वाजतोय, अक्कांचा. मी उचलत नव्हतो, कारण उचलून सांगणार काय?

मला त्या डब्याचा इतका राग आला की मी शिडीवर उभा राहून त्याला शिवी दिली. पोरींनी माना वर केल्या. शरम वाटली. पण तुम्ही सांगा, माणूस तिकडं जातोय आणि एक प्लॅस्टिकचा डबा मला इथं धरून बसलाय! तेव्हा मला असंच वाटत होतं... की तो मला धरून बसलाय.

सुनील सर वर आले. मागोमाग होस्टेलचे संचालक.

"साधा मोड बदलता येईना तुम्हाला?" संचालक म्हणाले.

"सर, आमच्या मुलाचं लक्ष नाही आज," सुनील सरांनी माझ्याकडं बोट केलं. "घरगुती टेन्शन."

घरगुती. सकाळी ते माझे कुणी लागत नव्हते.

शेवटी मॅडमच फोनवर म्हणाल्या, तो डबा उतरवा, दुसरा लावा. उतरवला. उतरवल्याबरोबर बाकीचे सगळे गपगुमान पुण्याला गेले आणि तिथंच राहिले. पण अभ्यासिकेच्या मधोमध वायफाय येईना, आणि तसला दुसरा डबा लातुरात नव्हता. होता तो आमच्या नांदेडच्या स्टोअरमध्ये. सुनील सर म्हणाले, मी गाडी घेऊन जातो. संचालक म्हणाले, "तुम्ही कुठं निघाले? तुम्ही इथंच बसायचं. पळायचं नाही. डबा आणायला माणूस पाठवा."

माणूस म्हणजे मी. दुसरा होताच कोण?

सुनील सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "जुना डबा पण घेऊन जा, टेबलावर तपास. आणि लवकर ये." नांदेडला जा, हे त्यांच्याच तोंडून आलं. मला ते समजायला बसमध्ये बसेपर्यंत वेळ लागला.

एक गोष्ट राहिली. डबा छतावरून काढला तेव्हा त्याच्या पाठीवर माझ्या हातानं लावलेले भस्माचे तीन पट्टे दिसले. इतक्या वर्षांत धुळीनं, उष्णतेनं ते उडून जायला पाहिजे होते. ते पांढरेशुभ्र होते आणि बोट लावलं तर ओले लागले. माझ्या हाताला घाम होता, तो असेल. मी तसंच म्हणतो अजूनही.

अहमदपूर, लोहा... बस प्रत्येक फाट्याला थांबत होती आणि मी खिडकीच्या गजावर मुठी मारत होतो. डबा मांडीवरच्या बॅगेत. नांदेडला उतरून आधी स्टोअर नाही, दवाखाना गाठला. अजून उजेड होता.

अक्का वॉर्डाच्या दारात जमिनीवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, फक्त पदर तोंडाला लावला.

"हायत का?" मी विचारलं.

"हायत. तुझ्यासाठीच हायत." मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दत्तू, सकाळपास्नं एकच लावलंय रे. 'आजून सोडनार न्हाई. दत्त्या निघू दे, मग सोडीन.' मी म्हनलं, काय धरून ठिवलंय तुमी? तर म्हनतात, 'धाकट्यांना माघारी बोलवतो.' कुनाला रे? माझी दोनच लेकरं, दोघं बी हितंच बसलेत. नर्सबाई म्हनली, ताप डोक्यात गेला. अन् दुपारी एकदम गप झाले. म्हनले, 'निघाला. आता बरं झालं.'"

लातूरला त्या दिवशी काय काम चाललंय हे मी अक्कांना सांगितलेलं नव्हतं. अप्पांना तर काम सोडून किती काळ झाला होता. पुण्यात कंट्रोलर आला हेही त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि अक्कांना तर थोरला-धाकटा हे डब्यांबद्दल बोलतात, हेच माहीत नव्हतं.

आत गेलो. अप्पा अर्धे झाले होते. कपाळावर अक्कांनी भस्म लावलेलं. मी हात हातात घेतला. बऱ्याच वेळानं डोळे किलकिले झाले.

"आलास?"

"हाव, अप्पा."

"डबा कुठंय?"

बॅग मी पलंगाच्या खाली, फरशीवर ठेवली होती. तिच्यात काय आहे ते अक्कांना पण माहीत नव्हतं.

"बॅगेत हाय, अप्पा."

"खाली नको ठिवू. गार लागतंय."

मी बॅग उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं काहीतरी मोठं सांगतील. ते म्हणाले, "जेवलास का?" मी खोटं बोललो, जेवलो म्हणालो. "अक्काला सांग, वाढंल," ते म्हणाले. माझं खोटं त्यांना कळत नसेल असं कधी झालंच नव्हतं. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही नसता तर मी कुठं असतो..." त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो कानापर्यंत पोचला.

"साकू," ते म्हणाले. "साकू आता."

पहाटे ते गेले. मी, अक्का आणि दोन्ही पोरं जवळ होतो. त्यांच्यात बसवून माती देतात, तशी दिली. सुनील सर लातूरहून हार घेऊन आले, सर्वांत पुढं उभे राहिले. "माझे गुरू होते," असं लोकांना सांगत होते. मी अक्कांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरमध्ये टेबलावर तो डबा जोडला. पट्टे आता वाळून पापडी झाले होते, बोट लागताच गळून पडले. एका ओळीचा तोच हुकूम, तीच अक्षरं. डबा बंद झाला, उठला आणि पहिल्या झटक्यात पुण्याकडं हजेरी लावली. फोनवर मॅडम ओरडल्याच.

"आला की! काय केलंत?"

"काई न्हाई, मॅडम."

"काहीच नाही? दत्ताजी, मी काल दिवसभर त्याच्या नोंदी वाचल्या. तो बदलायला नको म्हणायचं एकही कारण मला सापडलं नाही."

मी त्यांना अप्पांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार." मला त्यांचं ते बोलणं आवडलं. उगीच योगायोग म्हणाल्या नाहीत आणि चमत्कार पण म्हणाल्या नाहीत.

सुनील सर आले. डबा चालू झालेला बघून खूश व्हायला पाहिजे होते, ते चिडले. नवा डबा मी पोचवला नाही म्हणून एक आख्खा दिवस अभ्यासिका बंद राहिली, पोरींची टेस्ट पुढं गेली, संचालकांना उत्तर द्यायचं होतं.

"हा फॉल्टी आहे म्हणून सांगू आपण. भंगारात टाक."

"सर, तो फॉल्टी न्हाई. चालू हाय."

"मला दिसतंय. पण मग परवा का झालं नाही ह्याचं कायतरी सांगायला लागतं ना? एकतर डबा फॉल्टी, नाहीतर तू. बोल, काय सांगू?"

मी डब्याकडं बघितलं. त्याचा हिरवा दिवा शांत लागला होता. धाकट्यासारखा.

"मग मी सांगा, सर."

"काय?"

"फॉल्टी मी होतो म्हणून सांगा. डब्याला काई म्हनायचं न्हाई."

"डोकं फिरलंय तुझं," ते म्हणाले. पण त्यांनी तसंच सांगितलं. नोकरी गेली. डबा वाचला. तो परत लातूरला गेला, त्याच जागेवर चढला. तिथं काम करणारा एक ओळखीचा सांगतो, आजपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मी फिरत फिरत इकडं आलो. गेल्या महिन्यात इथंही हेच काम निघालं होतं, डबे लाइटवेट करायचं. थोरला सर्वात शेवटी घेतला. हुकूम द्यायच्या आधी हात थांबला. तो मुकाट्यानं बदलला... आणि मला उगीच वाईट वाटलं.

ग्रुपवरच्यांनो, ह्याला भानामती म्हणू नका. भानामती म्हणून गावानं माझी चुलती घालवली, मला ठाऊक आहे त्या शब्दानं काय होतं ते. योगायोग म्हणायचं तर म्हणा, पण मग धाकटे माघारी पळतायत हे अप्पांना कुणी सांगितलं आणि बॅगेतला डबा अप्पांना कसा दिसला, ते पण सांगा. मी रोज विचार करून राहिलो, मला सापडत नाही. सापडलं तर इथंच येऊन लिहीन.

रजा मी सुनील सरांकडं मागितली होती. दिली कुणी, ते मला अजूनही सांगता येत नाही.